लाल दोऱ्याची पुडी

या, अंमळ पुढं सरकून बसा. भिंतीला टेकलेत त्यांनीही या, ही गोष्ट लांबून ऐकायची नाही. टाळ बाजूला ठेवा, पाण्याचा तांब्या इकडं सरकवा, आणि घटकाभर कान माझ्या हवाली करा. अंजनगाव सुर्जीचे खुशालबुवा आणि त्यांनी मांडलेली पिंपळीची परीक्षा, एवढीच गोष्ट आहे. गोड आहे, पण शेवटी घशाशी थोडी तिखट लागेल. पिंपळीच ती, तिला इलाज नाही.

खुशालबुवा बारी समाजातले. घरचा पानमळा होता. शेवरीच्या गार सावलीत विड्याच्या पानांचे वेल आणि त्यांच्या शेजारी पिंपळीचे. मिऱ्याच्याच गोतातली ही पिंपळी, बोटाच्या पेराएवढी, वाळली की काळी. अंजनगावच्या पोराला दूध सुटायच्या आधी तिची चव कळते. सर्दी झाली, खोकला झाला, बाळंतिणीला थंडी भरली, की सहाणेवर उगाळलेली पिंपळी आणि मध.

मळा होता, पण बुवांचा जीव कीर्तनात. पूर्वरंगात ते इतके सावकाश चालत की नवख्याला वाटावं, बुवा पुढचं विसरले. मग मोतीरामाचा मृदंग चढला की मांडीवर झोपलेली लेकरं जागी होऊन टाळ्या वाजवत. आता तसं ऐकायला मिळत नाही. ध्वनिक्षेपक नव्हता, गॅसबत्ती भुरभुरायची, आणि तरी शेवटच्या माणसाला बुवांचा श्वाससुद्धा ऐकू यायचा.

बुवांचा आवडता विषय एकच, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत बसलेल्या एकाच्या भातावर तुपाची धार आणि दुसऱ्याचा भात कोरडा, याला म्हणतात पंक्तिप्रपंच. त्यावर बोलताना बुवांचा गळा भरून यायचा. ते हातात नसलेली तुपाची पळी धरून मंडपातून चालत आणि एका जागी थबकत. "इथं वाढणाऱ्याचा हात थबकला," म्हणत, "आन् तिकडे देव पंगतीतून उठला!" बायाबापड्या डोळ्याला पदर लावत. हे शब्द ध्यानात ठेवा, पुढं लागतील.

सत्तावन सालचा उन्हाळा सरला आणि फ्लूची साथ आली. मद्रासेकडून आली म्हणत. आपल्याकडे तिला 'फुलू' नाव पडलं. "आमच्या घरी तिघाईले फुलू आला," असं पाहुणा आल्यासारखं लोक सांगत. पण म्हातारी माणसं हसत नव्हती. त्यांना अठरा सालची मानमोडी आठवत होती. घरंच्या घरं आडवी झाली होती त्या तापात.

बुवांनी पहिल्याच एकादशीला कीर्तनाच्या गादीवरून सांगून टाकलं, "पिंपळी उगाळा, मधात चाटा. फुलू पळते!" गावानं ऐकलं. बहुतेकांचा ताप चार-सहा दिवसांत उतरलाही. बुवांचं नाव झालं. मग अकोल्याहून निरोप आला: श्रावणात सप्ताहाचं कीर्तन तुमचं, इथं घरोघरी ताप आहे, पिंपळीचं तेवढं आमच्या लोकांनाही सांगा.

हा निरोप सांगायला बुवा आनंदानं दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर जानराव तिशीतले, अंजनगावचेच. आदल्या दसऱ्याला नागपूरला दीक्षा घेऊन घरादारासकट बौद्ध झालेले. देवळाकडं ते फिरकत नसत, पण बुवांवर त्यांचा लोभ होता.

"डॉक्टरसाहेब, अकोल्याचं बोलावणं आलं! पिंपळीचं सांगाचं हाये."

"सांगा ना. पन पिंपळीनं फुलू जाते, हे कशावरून?"

"कशावरून म्हंजे? हा मी बसलो ना तुमच्यासमोर जित्ता!" बुवा खुर्चीत पुढं सरकले. "मानमोडी आली तवा मी एवढासा होतो. ताप असा का खाट हालत होती. माह्यी आत्या उशाशी बसून बोटानं पिंपळी-मध चाटवत होती. वाचलो का नाही?"

ही गोष्ट बुवांनी कितीतरी कीर्तनांत सांगितली होती. इथपर्यंत आली की श्रोते टाळ्या वाजवत. डॉक्टरांनी टाळी वाजवली नाही. त्यांनी हळूच विचारलं, "आन् तुमचे आईबाबा?"

"थे दोघंबी गेले. त्याच तापात."

"त्याईले पिंपळी नव्हती देल्ली?"

बुवांना ती खोली दिसली. शेणानं सारवलेली जमीन, ओळीनं मांडलेल्या खाटा, आणि आत्याचं ते मधानं माखलेलं बोट एका उशाकडून दुसऱ्या उशाकडं जाताना. इतकी वर्षं त्या खोलीत ते फक्त स्वतःच्या खाटेपर्यंतच जात होते.

"देल्ली होती," बुवा म्हणाले. "एकाच वाटीतली."

बाहेर कंपाउंडर बाटल्या धूत होता.

"जानराव," बुवा पहिल्यांदाच नुसतं नाव घेऊन बोलले, "अकोल्यात मंडप भरून लोकं असतील. मी गादीवरून 'जाते' म्हनलं, तं छाती भरलेलं मानूसबी घरीच चाटत बसंन, दवाखान्यात येनार नाही. अन् 'नाही जात' म्हनलं, आन् जात असलं, तं? मले खरं काय थे पायजे. श्रावनाच्या आधी पायजे."

"मंग परीक्षा करू," डॉक्टर म्हणाले. "निम्म्या आजाऱ्याईले पिंपळी द्याची, निम्म्याईले नाही. बाकी समदं सारखं. तापाची पांढरी गोळी सगळ्याईलेच. पाहू कोनाचा ताप कवा उतरते."

बुवांनी होकार भरला. आपण कशाला होकार भरतोय, हे त्या घटकेला त्यांच्या लक्षात आलं नाही.

धर्मशाळेच्या ओसरीवर ज्यांना नुकता ताप भरला होता ते येऊन बसले. दोन ओळी केल्या. एका ओळीसाठी गूळ, सुंठ, मध आणि पिंपळी यांच्या गोळ्या; दुसऱ्या ओळीसाठी तशाच, फक्त पिंपळीविना. वाढायला खुद्द बुवा. दुसऱ्या ओळीत बसल्या होत्या चतुराबाई. मोठा पानमळा, नवरा नाही, आणि जीभ अशी की अडत्यानं पिंपळीत मागल्या सालचा माल मिसळला तर एक दाणा चावून सांगत. तापानं डोळे लाल, डोक्याला फडकं बांधलेलं. गोळी तोंडात टाकली आणि त्यांनी भुवई उचलली.

"बुवा, हे काय व्हय? याच्यात पिंपळी टाकाची भुलले काय?"

"खाऊन घे व माय, बोलू नोको."

"खाऊन घेतो, पन पिंपळी नाही याच्यात. आमच्या जिभेले फसवता काय?"

समोरच्या ओळीतून मोतीराम मृदंगी खोकत खोकत ओरडला, "आमच्यात हाये ना! झनझनीत हाये!"

मग जे झालं ते अंजनगावातच होऊ शकतं. मोतीरामानं आपली उरलेली अर्धी गोळी चतुराबाईंच्या हातावर ठेवली. त्याचं पाहून शेजारच्यानं मोडली, पलीकडच्यानं मोडली. कुणीतरी परात आणली. सगळ्या गोळ्या परातीत कालवल्या, गोपाळकाल्यासारखा काला केला आणि सगळ्यांनी बोटं बुडवून खाल्ला. वर एक म्हातारा बुवांनाच सांगतो, "महाराज, तुमच्या हातून कसा काय पंक्तिप्रपंच झाला? ताप तं नाही न आला तुमाले?"

डॉक्टर ओसरीच्या खांबाला टेकले आणि हसत सुटले. हसता हसता त्यांनी डोक्याला हात लावला.

"नासलं का समदं?" बुवांनी विचारलं.

"नासलं. आता कोनाले पिंपळी भेटली आन् कोनाले नाही, कसं सांगाचं? बुवा, तुमीच नासवलं. जिंदगीभर लोकाईले शिकवलं पंगतीत भेद करू नोका. शिकले लोकं!"

बुवा हसले नाहीत. "बरंच झालं," ते म्हणाले. "दुसऱ्या ओळीत वाढताना माह्या हात थबकत होता, जानराव. मले हे नाही जमनार. तुमाले भेदाचं काही वाटत नाही काय?"

डॉक्टरांचं हसू विरलं. "मले?" ते म्हणाले. "लहानपनी तुमचं कीर्तन मी ऐकलं थे देवळाच्या मागच्या भिंतीजवळ उभं राहून. आत येता येत नव्हतं. प्रसाद यायचा तो वरून टाकलेला. पंक्तिप्रपंचावर तुमी रडत होते, मीबी तिकडे रडत होतो. आन् तुमी मले विचारता भेदाचं?"

ती मागची भिंत बुवांना ठाऊक होती. तिला पाठ लावूनच त्यांची गादी असे. मध्ये फक्त विटा. बुवांनी मान खाली घातली आणि डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरला. डॉक्टरांनी तो सोडवून घेतला नाही.

"ऐका," डॉक्टर म्हणाले. "भेद करते तो वाढनारा. त्याले माहीत असते कोनाले काय द्याचं. आपल्याले त्या वाढनाऱ्यालेच आंधळं कराचं हाये. खानाऱ्याले माहीत नाही, तुमाले माहीत नाही, मलेबी माहीत नाही. मंग हात थबकंन कसा?"

आयुष्यभर बुवा ज्या विषयावर बोलले, त्याचं उत्तर असं दवाखान्याच्या माणसाकडून यावं! "अरे," ते पुटपुटले, "अशी पंगत तं मी कवाच पाह्यली नाही."

अमरावतीच्या एका कॉलेजात डॉक्टरांचे मित्र चंद्रभान रसायनशास्त्र शिकवत. त्यांच्याकडं पिंपळीची पोती गेली. त्यांनी पिंपळी कुटून स्पिरिटात भिजवली, गाळली, आटवली. तळाशी पिवळसर सुयांसारखे खडे उरले. पिंपळीचा तिखटपणा सगळा त्या खड्यांत, त्याला पिपेरीन म्हणतात. ते कॅप्सूलमध्ये भरलं, म्हणजे जीभ मध्ये यायला नको. तशाच दुसऱ्या कॅप्सूलमध्ये नुसतं तांदळाचं पीठ. कॅप्सूल कागदाच्या पुड्यांत बांधल्या; एका जातीच्या पुड्यांना लाल दोरा, दुसरीच्या पुड्यांना पांढरा. कोणत्यात काय, हे एकट्या चंद्रभानांच्या पोटात.

ज्याला नवा ताप भरेल त्यानं डोळे मिटून टोपलीत हात घालायचा; येईल ती पुडी त्याची. "देव देईल थे," बुवा म्हणाले. "तुमी देव म्हना, मी सोडत म्हनतो," डॉक्टर म्हणाले. "हात मात्र ज्याचा त्याचाच."

पण लोकांनी पुन्हा काला केला तर? त्यासाठी बुवांनी कीर्तन लावलं, देवळात नाही, धर्मशाळेच्या अंगणात. डॉक्टर पहिल्या रांगेत सतरंजीवर बसले होते. बुवांनी त्यांना बुक्का लावायला हात उचलला, थांबले, आणि नुसते हात जोडले. डॉक्टरांनीही जोडले.

"मायबाप हो," बुवा म्हणाले, "आजवर सांगतलं, आपल्या पानातलं दुसऱ्याले द्या. आज उलटं मागून राहिलो. आपली पुडी आपनच खा. कोनाले देऊ नोका, कोनाची घेऊ नोका, आन् पुडी चालू हाये तोवर घरची पिंपळी चाटू नोका. ही पंगत अशी हाये का इथं वाढनाराच आंधळा हाये. तुमी डोळे उघडले तं पंगत बाटली."

"आन् कोऱ्या पुडीवाल्यानं मराचं काय?" मागून कुणीतरी.

"मरू कोन देते?" डॉक्टर उठून म्हणाले. "मी रोज घरी येईन. श्वास चढला का दोरा कोनताबी असो, सरळ अमरावती."

चतुराबाई त्या दिवशी मुकाट बसल्या होत्या. काल्याच्या वेळी त्यांचा ताप दोन दिवसांत गेला होता, पण आषाढ सरता सरता पुन्हा भरला. सारं अंग ठणकत होतं. त्यांनी टोपलीत हात घातला. लाल दोरा आला.

मोतीरामालाही पुन्हा ताप भरला होता; त्याला पांढरा आला. दोन दिवस ठीक होता, तिसऱ्या दिवशी त्याला धाप लागली, ओठ काळवंडले. घरचे म्हणाले, पुडी पुरी होऊ द्या, बुवांची पिंपळी असंन तिच्यात. बुवा स्वतः धावत गेले. "मोत्या, उठ! पुडी ठेव तिकडे." मोटारीच्या मागच्या बाकड्यावर त्याला आडवा करून अमरावतीला नेलं. छातीत न्यूमोनिया झाला होता. पेनिसिलिनची सुई लागली आणि मोतीराम वाचला. बुवा त्याच्या खाटेशी बसून होते. त्याचा हात गादीवर बोटं आपटून ताल धरायला लागला, तेव्हा कुठं बुवांनी घोटभर चहा घेतला.

श्रावण तोंडावर आला तेव्हा चंद्रभान स्वतः अमरावतीहून अंजनगावला आले. डॉक्टरांनी दोन्ही दोऱ्यांच्या माणसांची नावं वहीत वेगळी मांडून ठेवली होती. चंद्रभान म्हणाले, "पांढरा दोरा पिंपळीचा. लाल दोरा पिठाचा."

म्हणजे मोतीरामाच्या पोटात पिंपळीच होती.

डॉक्टरांनी वहीतल्या दोन्ही याद्या पुन्हा ताडून पाहिल्या. बुवा त्यांच्या तोंडाकडं बघत होते, परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखे.

"ताप दोन्ही दोऱ्याईचा सारखाच उतरला," डॉक्टर म्हणाले. "पिंपळीवाल्याचा लवकर नाही, पिठावाल्याचा उशिरा नाही. फुलू आपल्या पायानं येते अन् आपल्या पायानं जाते, बुवा. खोकल्याले मात्र पिंपळीवाल्याईले थोडा आराम लवकर पडलेला दिसते. पन मानसं थोडी हायेत. लाल दोऱ्याईत एकदोन जनं लय खोकले, म्हूनबी तसं दिसत असंन. छातीठोक सांगता येत नाही."

"मंग मी कसा वाचलो?" बुवांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता.

"थे मले नाही सांगता येत. वाचले एवढं खरं. कोनीतरी उशाशी बसून होतं, पानी पाजत होतं, अंग पुसत होतं. त्याचंबी काही असंन. आत्याईले ताप नव्हता काय?"

"होता," बुवा म्हणाले. "तिलेबी होता."

श्रावणात मंडळी अरुंद रुळांच्या लहान गाडीनं मूर्तिजापूरला आणि तिथून मोठ्या गाडीनं अकोल्याला गेली. मोतीराम अशक्त होता, पण मृदंग मांडीवर घेऊन बसला होता. अंजनगावच्या बायाही कीर्तनासाठी सोबत आलेल्या. मंडप मोर्णा नदीच्या काठी घातलेला, माणूस माणसाला चिकटून. पूर्वरंग झाला. सप्ताहाचे कारभारी महादेवराव पुढं वाकून कुजबुजले, "बुवा, आता पिंपळीचं सांगा."

बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. आणि उत्तररंगात कुठल्या राजाचं, भक्ताचं आख्यान न लावता, दोन दोऱ्यांचं लावलं. काला झाला तिथं मंडप हसला. मागच्या भिंतीची गोष्ट आली तिथं बुवांनी डॉक्टरांचं नाव घेतलं नाही, म्हणाले, "माह्या पाठीमागं एक लेकरू उभं होतं आन् मले माहीत नव्हतं." मग ते म्हणाले, "मी गादीवरून सांगतलं होतं, पिंपळीनं फुलू जाते. थे खरं नाही निघालं. खोकल्याले गुन येत असंन, पक्कं नाही. चाटा खुशाल. पन श्वास चढला तं चाटत बसू नोका. दवाखान्यात न्या. माह्या मृदंगी तिथूनच परत आला हाये, पाहून घ्या."

मोतीरामानं एक थाप दिली.

महादेवरावांचं तोंड उतरलं होतं. एक म्हातारा उठून उभा राहिला. "मंग बुवा, आमी घरच्याईनं काय कराचं?"

बुवा गादीच्या कडेला आले. गॅसबत्ती सूं करत होती.

"उशाशी बसाचं, बाप्पा," ते म्हणाले. "उशाशी बसाचं."

भैरवी झाली, आरती झाली. लोक पाया पडून जात होते. त्यात चतुराबाई आल्या, अजून खोकतच.

"काय व माय, अजून गेला नाही खोकला?"

"जाईन. लाल दोरा होता ना माह्या." त्या पदरात हसल्या. "मले तं पहिल्याच दिशी समजलं, बुवा. गोळी गिळली, ढेकर आला, पन पिंपळीचा नाही. पिंपळी पोटात गेली का तिखट ढेकर येते. जिभेले फसवलं तुमी, पोटाले कसं फसवसान?"

बुवा चकित झाले. "तुले माहीत होतं? आन् घरात पोती भरून पिंपळी! चाटली काहून नाही?"

"तुमी सांगतलं होतं ना, पंगत बाटते म्हून," चतुराबाई म्हणाल्या, जणू यात विचारण्यासारखं काय आहे. "रात्री खोकून खोकून बरगड्या दुखल्या. पोत्याकडे पाह्यलं, आन् कूस बदलली. म्हनलं, एवढ्या लोकाईले सांगाचं हाये बुवाले, त्याईचं खोटं नाही पडलं पायजे. कोनाजवळ बोललीबी नाही. बोलली असती तं बाकीच्या लालवाल्याईनं चाटली असती."

लाल दोऱ्यातला सर्वांत मोठा खोकला तो हाच. पिंपळीनं खोकल्याला आराम पडतो का, एवढी जी बारीकशी खूण डॉक्टरांच्या हाती लागली, तिच्यात या बाईच्या बरगड्या होत्या. घरी चोरून चाटली असती तर दोन्ही दोरे सारखेच दिसले असते, आणि कुणाला कळलंही नसतं. बुवा वाकले आणि भर मंडपात चतुराबाईंच्या पायांना हात लावला. "अव्वा! हे काय करून राहिले?" म्हणत त्या मागं सरल्या आणि पुन्हा खोकू लागल्या.

पुढं डॉक्टर जानरावांची बदली झाली, तिवशाला आणि मग आणखी कुठं. साठ सालानंतरही त्यांचं अंजनगावला येणं-जाणं राहिलं. आले की बुवांच्या ओसरीवर बसत, आणि बुवांचं कीर्तन असलं की ते धर्मशाळेच्या अंगणातच असे. पिंपळीचं पक्कं काय ते बुवांच्या हयातीत ठरलं नाही. मोठमोठ्या प्रयोगशाळांत कधी ठरेल तेव्हा ठरेल. चतुराबाई गेल्या तेव्हा मळ्यात पिंपळी वाळत घातली होती आणि साऱ्या आळीला तिचा वास येत होता. बुवा त्यांच्या उशाशी होते.

तर बाबांनो, आयांनो, औषधाच्या पाकिटावर 'गुणकारी' असं लिहिलेलं वाचाल तेव्हा ज्यांना गुण आला त्यांची आठवण तर होईलच. पण ज्यांच्या हाती कोरी पुडी आली आणि ज्यांनी ती इमानानं गिळली, त्यांचीही करा. घरात पोती भरलेली असून कूस बदलणाऱ्या त्या चतुराबाईंचं नाव एकदा मनातल्या मनात घ्या, आणि मग उठा.